थंडीत गाडी थांबवली म्हणून नोकरी गेली तर?

मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका ट्रान्सपोर्ट परिसरात आम्ही ड्रायव्हर बंधूंसाठी आरोग्य तपासणी शिबिर घेतले. रक्तदाब, साखर आणि डोळे, एवढीच तपासणी होती. रांगेत सगळे पुरुष आणि एक बाई. त्या नवऱ्याची फाईल घेऊन आल्या होत्या, कारण नवरा संत्र्याची गाडी घेऊन दिल्लीकडे गेला होता. म्हणाल्या, "सिस्टर, आमच्या यायले बीपीची गोळी चालू हाये, अन् रातभर धुक्यात गाडी चालवतेत. काल फोनवर म्हणे, समोरचं काहीच दिसत नाही. मी म्हटलं, थांबा ना मग. तं म्हणे, थांबलो तं शेठ दुसरा ड्रायव्हर पाहीन."

गोळीचे मी त्यांना नीट समजावून सांगितले. थांबण्याचे काय सांगावे ते मात्र मला त्या दिवशी सुचले नाही. थंडी लागलेल्या माणसाला काय करायचे ते नर्सिंगच्या अभ्यासक्रमात शिकवतात. मालक थांबू देत नसेल तर काय करायचे, ते शिकवत नाहीत.

नंतर वाचता वाचता एक खटला हाती लागला. तोच या महिन्याच्या आरोग्य पानावर अभ्यासाला घेतला आहे. खटला अमेरिकेतला आहे, तिथले रस्ते वेगळे आणि कायदेही वेगळे. तरीही घेतला, कारण थंडीने शरीराचे काय होते आणि त्यापायी नोकरीचे काय होते, हे दोन्ही त्यात एकाच रात्री घडले आणि न्यायालयाच्या कागदांवर तासातासाच्या हिशेबाने नोंदले गेले. असे क्वचित होते.

जानेवारी २००९. शिकागो शहर ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमधला आंतरराज्य महामार्ग क्रमांक ८८. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. ट्रेलरमध्ये माल भरून चाललेल्या एका ड्रायव्हरला कंपनीने ठरवून दिलेला डिझेल पंप सापडेना. काटा तळाला गेला म्हणून त्याने गाडी कडेला घेतली. दहाएक मिनिटांनी निघायला गेला, तर ट्रेलरचे ब्रेक थंडीने जाम झालेले. पुढे या खटल्याची चर्चा अमेरिकेच्या सेनेटमध्ये झाली तेव्हा त्या रात्रीचे तापमान शून्याखाली १४ अंश फॅरनहाइट असे सांगण्यात आले. सेल्सियसमध्ये ते उणे २५ च्या आसपास भरते.

जड गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात हे ड्रायव्हर बंधूंना माहीत आहे, पण घरच्यांसाठी सांगते. उभ्या गाडीचा ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर लागलेला असतो आणि हवेच्या दाबाने तो सुटतो. दाबलेल्या हवेत थोडे पाणी असतेच. ते नळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये गोठले, किंवा ब्रेकच्या पट्ट्या ड्रमला बर्फाने चिकटल्या, की चाक फिरत नाही. हवेच्या टाकीतले पाणी रोज काढून टाका असे जुने उस्ताद सांगतात ते याचसाठी.

त्याने कंपनीला फोन केला. मेकॅनिक पाठवतो, असे उत्तर मिळाले. वाट पाहताना त्याच्या लक्षात आले की इंजिन बंद असताना केबिनला ऊब देणारे वेगळे यंत्रही बंद पडले आहे. म्हणजे बाहेर उणे २५ आणि आतही ऊब नाही. तशातच त्याला झोप लागली. दोनेक तासांनी चुलतभावाचा फोन आला आणि त्याने जाग आली. उठून बसला तर छातीपोटाचा भाग बधिर, आणि पाय आहेत की नाहीत ते कळेना. भावाने पुढे साक्षीत सांगितले की त्याचे बोलणे अडखळत होते, तो गोंधळलेला वाटत होता.

त्याने पुन्हा कंपनीला कळवले, आपल्या अंगाची अवस्थाही सांगितली. उत्तर आले, थोडी कळ काढ. आणखी अर्धा तास गेला. मग त्याने ट्रेलर सोडवला आणि साहेबाला फोन केला की पाय जाणवत नाहीत, श्वास घ्यायला त्रास होतो, मी मदत शोधायला निघतो. साहेब म्हणाला, ऊब देणारे यंत्र चालू कर. ते बंद आहे, हे त्याने अनेकदा सांगितले होते. मग साहेबाने दोन पर्याय दिले. ट्रेलर तसाच ओढत ने, नाहीतर तिथेच बसून राहा. चाके जाम असलेला भरलेला ट्रेलर बर्फाळ हमरस्त्यावर ओढत न्यायचा म्हणजे काय, हे ज्याने कधी जड गाडी चालवली आहे त्याला सांगायला नको. ड्रायव्हरने दोन्ही ऐकले नाही. ट्रेलर कडेला ठेवून तो नुसता ट्रक घेऊन निघाला. पंधरा मिनिटांच्या आत मेकॅनिक पोचला, तसा हाही परत आला. ब्रेक दुरुस्त झाले. आठवडा व्हायच्या आत त्याला कामावरून काढून टाकण्यात आले. कारण दाखवले, माल सोडून गेला.

आता त्याच्या शरीरात काय चालले होते ते पाहू. माझ्या मते या खटल्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि वकिलांच्या वादात ती मागे पडली.

आपल्या शरीराच्या आतले तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असते. ते ३५ च्या खाली उतरले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, साध्या भाषेत अंग थंड पडणे. हृदय आणि मेंदू उबदार राहावेत म्हणून शरीर आधी हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडते. म्हणून बोटे आधी बधिर होतात. मग कुडकुड सुरू होते. कुडकुडणे म्हणजे स्नायू हलवून ऊब तयार करणे, ते चांगले लक्षण आहे. तापमान ३२ च्या आसपास आले की कुडकुड मंदावते आणि थांबते. पाहणाऱ्याला वाटते, बरे झाले, थंडी कमी झाली. प्रत्यक्षात शरीराची ताकद संपत आलेली असते. जीभ जड होते, हातातली वस्तू पडते, चालताना तोल जातो, झोप अनावर होते. काही जणांना तर शेवटी उकडल्यासारखे वाटते आणि ते अंगावरचे कपडे काढू लागतात.

बोलणे अडखळणे आणि गोंधळ ही मेंदू थंडावल्याची खूण आहे. ज्याला थंडी चढत आहे, त्याची विचार करण्याची शक्तीच आधी मंद होते, त्यामुळे आपल्याला काय होते आहे ते त्याला स्वतःला कळत नाही. या ड्रायव्हरचे बोलणे बिघडले हे त्याच्या नाही, भावाच्या लक्षात आले. तो फोन आला नसता तर तो झोपेतून उठला असता की नाही, कोण सांगणार? अशा माणसाला कळ काढ म्हणायचे, आणि नंतर त्याने योग्य निर्णय घेतला नाही म्हणून नोकरीवरून काढायचे, हे परिचारिका म्हणून मला पटणारे नाही. थंडीत थांबायचा, निघायचा किंवा मदत मागायचा निर्णय डोके ठिकाणावर असतानाच, लवकर घ्यावा लागतो. लवकर निर्णय तोच घेतो ज्याला नोकरीची धास्ती नसते.

जाता जाता एक सांगते. आपल्या घरातल्या काचेच्या थर्मामीटरची पट्टी ९४ किंवा ९५ फॅरनहाइटपासून सुरू होते, म्हणजे जिथे हा आजार सुरू होतो तिथे ती संपते. त्यामुळे थर्मामीटरमध्ये काही येत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. काखेत आणि पोटावर हात लावून पाहा. पोटही गार लागत असेल तर प्रकरण गंभीर आहे. आणि यासाठी बर्फ पडावाच लागतो असे नाही. ओले कपडे, वारा आणि रिकामे पोट असले तर ८-१० अंशांतही अंग थंड पडू शकते.

आता जबाबदारीचे. अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक सुरक्षा नियमांत हवामानावर स्वतंत्र कलम आहे, ३९२.१४. बर्फ, धुके, पाऊस, धूळ किंवा धुरामुळे दिसणे किंवा चाकांची पकड कमी झाली तर ड्रायव्हरने कमालीची सावधगिरी घ्यावी आणि वेग कमी करावा. परिस्थिती पुरेशी धोकादायक झाली तर गाडी थांबवावी आणि सुरक्षितपणे चालवता येईपर्यंत पुन्हा सुरू करू नये. म्हणजे थांबणे ही तिथे ड्रायव्हरला दिलेली सवलत नाही, ते त्याचे कर्तव्य आहे. तो थांबला नाही आणि कुणाचा जीव गेला तर जाब त्यालाच विचारणार.

मग कर्तव्य केले म्हणून नोकरी गेली तर? त्यासाठी १९८२ चा भूपृष्ठ वाहतुकीचा एक केंद्रीय कायदा आहे. गाडी चालवल्याने सुरक्षेचा नियम मोडणार असेल, किंवा स्वतःला अथवा इतरांना गंभीर इजा होईल अशी रास्त भीती असेल, तर गाडी चालवायला नकार देणाऱ्या ड्रायव्हरला काढता येत नाही, त्याचा पगारही कापता येत नाही. स्वतःचा ट्रक स्वतः चालवणाऱ्यालाही हे संरक्षण आहे. तक्रार १८० दिवसांत करावी लागते. इजेची भीती दाखवून नकार देणाऱ्याला एक अट आहे. त्याच जागी दुसऱ्या समंजस माणसालाही धोका वाटला असता असे दिसले पाहिजे, आणि ड्रायव्हरने आधी मालकाकडे दुरुस्ती मागितलेली असली पाहिजे. त्या रात्री केलेले फोन ड्रायव्हरच्या कामी आले ते इथे.

तरी सहज काही मिळाले नाही. कामगार खात्याच्या सुरक्षा विभागाने त्याची तक्रार आधी फेटाळली. तो हटला नाही. खात्याच्या न्यायाधीशापुढे गेला, तिथे जिंकला. कंपनी वर गेली, पुनरावलोकन मंडळानेही त्याचीच बाजू उचलून धरली. कंपनी केंद्रीय अपील न्यायालयात गेली. ऑगस्ट २०१६ मध्ये तीनपैकी दोन न्यायाधीशांनी ड्रायव्हरच्या बाजूने निकाल दिला आणि बुडालेला पगार देण्याचा आदेश कायम राहिला. एका रात्रीच्या थंडीचा निकाल लागायला साडेसात वर्षे लागली.

तिसऱ्या न्यायाधीशांचे मत वेगळे पडले. ते होते नील गोर्सच. त्यांचे म्हणणे असे की कायदा गाडी चालवायला नकार देणाऱ्याला संरक्षण देतो. या माणसाने तर गाडी चालवली, फक्त मालकाने सांगितले तशी चालवली नाही. कंपनीचे वागणे शहाणपणाचे किंवा दयेचे होते का, हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही. इतर दोघांनी कायद्याच्या हेतूकडे पाहिले. माल जोडलेली गाडी मालक म्हणतो तशी चालवायला त्याने नकार दिला, तो नकारच झाला. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, गोर्सच यांची सर्वोच्च न्यायालयावर निवड झाली. तेव्हा सेनेटमध्ये मिनेसोटाचे सदस्य अल फ्रँकन यांनी त्यांना थेट विचारले की त्या ड्रायव्हरच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते. आपण त्या जागी नव्हतो, असा गोर्सच यांच्या उत्तराचा सूर होता. निवड झालीच. मी कायदा शिकलेली नाही, पण एका शब्दाच्या अर्थावर माणसाची रोजीरोटी टांगती राहते, हे आपल्या लोकांना काही नवीन नाही.

कायदा असूनही ड्रायव्हर का थांबत नाहीत? मोठे कारण पैसा आहे. तिथे लांब पल्ल्याच्या बहुतेक ड्रायव्हरांना मैलाच्या हिशेबाने पैसे मिळतात. चाक फिरले तर मजुरी, उभे राहिले तर शून्य किंवा थोडेफार. १९३८ च्या कायद्याने तिथल्या कामगाराला आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट मजुरी दिली, पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणारे ट्रक ड्रायव्हर त्यातून वगळलेले आहेत. मग बर्फात सहा तास थांबणे म्हणजे स्वतःच्या खिशातून सहा तास देणे. २०१६ पासून तिथे आणखी एक नियम लागू झाला. कंपनीच नव्हे, माल पाठवणारा, उतरवून घेणारा आणि दलाल यांनीही ड्रायव्हरवर सुरक्षेचा नियम मोडण्यासाठी दबाव आणू नये. नियम चांगला आहे. पण मैलाचा हिशेब तसाच राहिला तर कुणी दबाव आणायची गरजच उरत नाही.

आता आपल्याकडे येऊ. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपुरातूनच जातो. आपली संत्री, कांदा, कापूस घेऊन निघालेली गाडी डिसेंबर-जानेवारीत आग्रा, मथुरा, हरियाणाच्या धुक्यात शिरते. काश्मीरकडे गेलेल्या गाड्या बर्फ पडला किंवा दरड कोसळली की बनिहालच्या अलीकडे-पलीकडे दिवसचे दिवस रांगेत उभ्या राहतात. तिथे केबिनला ऊब देणारे यंत्र वगैरे काही नसते. एक चादर, एक कांबळे आणि बिडी.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले, पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती सांगितली. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच तो लागू होता, आणि एक-दोन गाड्यांच्या मालकांचे ड्रायव्हर बाहेरच राहिले. २०२० च्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा कायदा सामावला गेला. जिवावर बेतेल अशी रास्त भीती वाटली तर ती मालकाच्या आणि निरीक्षकाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क त्या संहितेत कामगाराला आहे. मात्र धुक्यात गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरला काढता येणार नाही असे अमेरिकेसारखे स्पष्ट कलम आपल्याकडे नाही. शिक्षेच्या बाजूने मात्र ड्रायव्हर पहिला दिसतो. अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांच्या कैदेची तरतूद आली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रक थांबले होते, ते आठवत असेल. शिबिरात मी तीसेक जणांना विचारले, नेमणूकपत्र कुणाकडे आहे? एकही हात वर झाला नाही. नोकरी होती हेच सिद्ध करता येत नसेल तर ती अन्यायाने गेली हे कुठे सांगणार? म्हणून संघटनेत या, निदान पगार किंवा भत्ता बँकेत घ्या, बिल्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आरोग्याच्या चार गोष्टी घरच्यांनीही लक्षात ठेवाव्यात. थंडीत रक्तदाब चढतो, म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही. सर्दीच्या म्हणून दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि काहींनी बीपी वाढते. गाडीवर असताना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात म्हणून गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते. बिडीने बोटांकडचा रक्तपुरवठा आणखी आखडतो. साखरेचा आजार असेल तर पाय आधीच कमी जाणवतात, म्हणून कोरडे मोजे दोन जोड ठेवा आणि रात्री पाय डोळ्यांनी पाहा.

बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून झोपू नका. हे मी ओरडून सांगते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. केबिनमध्ये दोघांचे डोके एकदम दुखायला लागले तर लगेच दार उघडून बाहेर या.

अंग थंड पडलेल्या माणसाला आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरड्या कांबळ्यात डोक्यासकट गुंडाळा. छाती, मान, काख, जांघ यांना आधी ऊब द्या, हातापायांना नंतर. हातपाय चोळू नका, बधिर बोटे आगीवर धरू नका. जाणीव नसल्याने भाजल्याचे कळत नाही. शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तर गोड चहा द्या. जीभ अडखळत असेल किंवा कुडकुड थांबून झोप येत असेल तर १०८ ला फोन करा. त्याला उभे करून चालवू नका, हलक्या हाताने उचला.

थांबायचे म्हणजे रस्त्यावर थांबायचे नाही. धुक्यात लेनमध्ये उभ्या गाडीवर मागून येणारी गाडी आदळते, आणि थांबलेलाच अपघाताचे कारण होतो. पंप, ढाबा, टोलनाक्याजवळची मोकळी जागा गाठा. गाडी बिघडून रस्त्यातच अडकली तर चारही इंडिकेटर चालू, लाल त्रिकोण बराच मागे, आणि माणसे केबिनमधून उतरून रस्त्यापासून लांब.

आणि थांबताच मालकाला संदेश. फोनवर बोलणे झाले तरी लिहून पाठवा. "मथुरेच्या अलीकडे, रात्री २ वाजता, दाट धुके, दहा फुटांपलीकडे दिसत नाही. पंपावर गाडी लावली आहे. धुके उतरले की निघतो." सोबत समोरच्या काचेतून काढलेला एक फोटो. हाच संदेश घरी पण पाठवा.

शिबिरातल्या त्या वहिनींना हे मी नंतर घरी जाऊन सांगितले. त्यांच्या दहावीतल्या मुलाने वडिलांच्या मोबाइलवर असा संदेश हिंदीत लिहून ठेवला, जागा आणि वेळ तेवढी भरायची. फेब्रुवारीच्या एका खेपेत तो वापरावा लागला. ग्वाल्हेरजवळ पाच तास गाडी उभी होती. शेठने काढले नाही, पण भत्त्यातून पाचशे रुपये कापले. ते परत मागायचे की सोडून द्यायचे, यावर त्या घरात अजून एकमत झालेले नाही.